चेंडू टाकणाऱ्याची मिळकत

इसवी सन १८९२च्या सुमारास पुण्याच्या पूना क्लबात, जेथे गोऱ्या अंमलदारांची क्रीडा चाले आणि एतद्देशीयांना केवळ चाकर म्हणूनच थारा होता, सोळा-सतरा वर्षांचा एक तरुण दरमहा चार रुपये तनख्यावर कामास राहिला. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, चुन्याच्या रेघा आखाव्यात, सरावाची जाळी उभारावी आणि सायंकाळी उतरवून ठेवावी, अशी त्याची नेमून दिलेली कामे होती. आणि याआधी पारशी मंडळींच्या एका क्लबात झाडलोटीबद्दल व रूळ फिरवण्याबद्दल त्याला तीनच रुपये मिळत असल्यामुळे या नव्या जागेत त्याची एका रुपयाने बढतीच झाली होती. त्याचे नाव बाळू पालवणकर. ज्याच्या मिळकतीचा आकडा आणा-रुपयांसह आपल्यापर्यंत पोहोचला आहे, अशा आपल्याकडील अगदी आरंभीच्या गोलंदाजांपैकी हा एक होय. म्हणून गोलंदाजाच्या आयुष्यभराच्या अर्थार्जनाचा हिशेब मांडावयाचा झाल्यास त्याच्यापासूनच आरंभ करणे न्याय्य ठरते.

बाळूचे घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, चर्मकार समाजातील. वडील पुण्यात लष्कराच्या आश्रयाने आले. एका हकिकतीनुसार ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसांच्या कामावर होते, दुसरीनुसार पायदळाच्या पलटणीत शिपाई होते. यांपैकी पहिली हकिकत खरी मानली तर पुण्याच्या उत्तरेस आज जो उद्योगपट्टा पसरला आहे, खडकीहून मुळा ओलांडून दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी असा जो पुढे थेट चाकणपर्यंत पोहोचला आहे, त्याच्या उंबरठ्यावरील सर्वांत जुन्या कारखान्यांपैकी एकाच्या कामगाराचा हा मुलगा ठरतो. १८६९ साली स्थापन झालेल्या त्या कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेल्या मुलांना पगार म्हणजे काय हे शिकवावे लागत नसे. परंतु चेंडू टाकण्याबद्दलही पगार मिळू शकतो ही कल्पना त्या काळी या भागात कोणाच्या स्वप्नातही नसावी.

बाळूच्या डाव्या हातातील कसब क्लबातील एका गोऱ्या सभासदाच्या ध्यानी आले आणि रूळ फिरवून झाल्यावर त्याने जाळ्यात साहेबांना गोलंदाजी करावी असे ठरले. त्या साहेबांत कॅप्टन जे. जी. ग्रेग हा अतिशय नामांकित फलंदाज होता. तो इतर कोणी येण्याच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूकडून सराव करून घेई. आणि आपल्याला प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल तो बाळूला आठ आणे देई, अशी हकिकत आहे. आता या आठ आण्यांचे मोल पाहा. चार रुपये म्हणजे चौसष्ट आणे. तेव्हा ग्रेगसाहेबाला आठ वेळा बाद केले की महिन्याभराच्या रूळ फिरवण्याइतकी प्राप्ती होत असे. एका बाजूस ठरलेला मुशाहिरा, दुसऱ्या बाजूस कामगिरीबरहुकूम बिदागी. आणि बिदागी देणारा तोच, ज्याचा पराभव करावयाचा. गोलंदाजाच्या वेतनाची ही दोन अंगे, नियत आणि अनियत, शतकाहून अधिक काळ लोटला तरी बदललेली नाहीत. केवळ आकडे फुगले आहेत. ग्रेगला शेकडो तास चेंडू टाकूनही बाळूला त्या क्लबात फलंदाजी करण्याची संधी मात्र कधीच मिळाली नाही. फलंदाजी हा सरदारांचा विलास आणि गोलंदाजी हे चाकरांचे कष्ट, ही जी समजूत इंग्लंडातून इकडे आली होती, ती आपल्या जातिभेदाच्या चौकटीत फार सहज बसली.

पुढे पुण्याच्या हिंदूंच्या क्लबाने, युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, अशा विचाराने बाळूला संघात घेतले. मैदानावर सर्वांनी त्याच्या हातचा चेंडू शिवावा, परंतु चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा द्यावा, आणि जेवणही वेगळ्या पंक्तीस वाढावे, असा तो काळ होता. हे लिहिताना मन विषण्ण होते, कारण ज्या संघाच्या यशाचा तो आधारस्तंभ होता त्याच संघाच्या जमाखर्चात त्याच्या मानाची रक्कम कोठेच जमा झालेली दिसत नाही. साताऱ्याच्या गोऱ्यांविरुद्ध त्याने सात बळी घेतले आणि परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्याचा जाहीर गौरव केला. तेवढ्या गौरवासाठीही त्या काळी धैर्य लागत होते.

१८९६च्या सुमारास पुण्यात प्लेगची धास्ती पसरली आणि बाळू मुंबईस गेला. तेथे त्याला बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली, आणि रेल्वेच्या संघाकडून व पुढे हिंदू जिमखान्याकडून तो खेळू लागला. या एका वाक्यात पुढल्या ऐंशी वर्षांच्या हिंदी क्रिकेटचे अर्थशास्त्र सामावलेले आहे. खेळ हा धंदा नव्हे. धंदा म्हणजे नोकरी, आणि खेळाच्या गुणावर नोकरी मिळवावी, नोकरीच्या आधाराने खेळ सांभाळावा, अशी ती रीत होती.

त्याच १८९६ साली इंग्लंडात ओव्हलच्या कसोटीपूर्वी पाच व्यावसायिक खेळाडूंनी मागणी केली की ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याचे आम्हांस दहा पौंडांऐवजी वीस पौंड द्यावेत. त्यांत टॉम रिचर्डसन आणि जॉर्ज लोमन हे दोघे त्या काळचे अव्वल गोलंदाज होते. हौशी म्हणवणाऱ्या उच्चकुलीन खेळाडूंना प्रवासखर्चाच्या नावाखाली याहून कितीतरी अधिक रक्कम मिळते, ही त्यांची रास्त तक्रार होती. रिचर्डसन आणि दोघे फलंदाज अखेरीस मागणी सोडून खेळले. लोमन आणि बिली गन खेळले नाहीत. थोड्याच वर्षांत ते वीस पौंड सर्वांना मिळू लागले, परंतु लोमनच्या वाट्याला पुन्हा इंग्लंडकडून कसोटी खेळणे आले नाही. चेंडू टाकणाऱ्यांचा मेहनताना ज्यांनी वाढवला, त्यांना स्वतःला त्याचा लाभ क्वचितच झाला. अमेरिकेतही हेच घडले, ते पुढे येईलच.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक ठिकाणी हरला, परंतु बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, दर बळीमागे १८.८४ धावा देऊन. परत आल्यावर त्याचा सत्कार झाला आणि त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांनी मानपत्र तयार करण्यास हातभार लावला, असे नमूद आहे. पुढे १९३७च्या निवडणुकीत हे दोघे मुंबईत समोरासमोर उभे राहिले आणि डॉ. आंबेडकर १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी विजयी झाले. हा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. आपल्या विषयापुरते इतकेच की प्रथमश्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद लाभले नाही. १९२३ साली ते त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले. १९५५ साली बाळू मुंबईत वारला.

स्वातंत्र्यानंतर रेल्वेची जागा कंपन्यांनी घेतली. बापू नाडकर्णी, ज्यांनी जानेवारी १९६४मध्ये मद्रासच्या कसोटीत लागोपाठ २१ षटके निर्धाव टाकली, ते असोसिएटेड सिमेंट कंपनीत नोकरीस होते. आणि त्या काळी पाच दिवसांच्या कसोटीचे अडीचशे रुपये मिळत, म्हणजे दिवसाला पन्नास. ही रक्कम उदरनिर्वाहाची नव्हतीच. उदरनिर्वाह कंपनीच्या पगारावर चाले, आणि हाच त्या व्यवस्थेचा मोठा गुण होता. हात थकला, नजर मंदावली, निवड समितीची मर्जी फिरली, तरी कंपनीतील खुर्ची अठ्ठावन्न वर्षांपर्यंत शाबूत राही, भविष्यनिर्वाह निधी साठत जाई, उपदान मिळे. ५८९ प्रथमश्रेणी बळी घेऊनही पद्माकर शिवलकरांना एकही कसोटी लाभली नाही, ही मराठी क्रिकेटरसिकाच्या काळजातील जुनी सल आहे. परंतु त्या पिढीतील अशा गोलंदाजांची घरे उद्ध्वस्त झाली नाहीत, याचे श्रेय कसोटीच्या मानधनाला नसून टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांसाठी संघ बाळगणाऱ्या आस्थापनांना आहे.

पिंपरी-चिंचवडचा विकास नेमका याच काळातला. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, साठीच्या दशकात टेल्को व आकुर्डीस बजाज आले, आणि मागोमाग लहानमोठ्या शेकडो कारखान्यांनी माळराने व्यापली. पाळी संपवून सायकलीवर घरी जाणाऱ्या कामगारांत क्लबाकडून खेळणारे कित्येक तरुण असत, आणि आंतरकंपनी सामन्यात चांगला चेंडू टाकणाऱ्याला साहेब ओळखत, ही गोष्ट या पट्ट्यात जुन्या माणसांच्या तोंडून आजही ऐकू येते. कायम नोकरी, तीन-साडेतीन वर्षांनी होणारा वेतनकरार, दिवाळीचा बोनस आणि निवृत्तीनंतर हाती येणारा फंड, हे येथील कामगाराच्या आयुष्याचे चार खांब. गोलंदाजालाही याहून अधिक कोणी दिले नव्हते, आणि याहून कमीही नाही.

१९८३ साली भारताने विश्वचषक जिंकला, आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये पाकिस्तानविरुद्ध झालेल्या एका सामन्याचा मानधनपट पुढे प्रसिद्ध झाला. सामन्याचे १,५०० रुपये आणि तीन दिवसांचा दररोज २०० रुपये भत्ता, एकूण २,१०० रुपये, ही रक्कम विश्वविजेत्या कर्णधारापासून राखीव खेळाडूपर्यंत सर्वांना सारखीच. त्या यादीत लॉर्ड्‌सच्या अंतिम सामन्यात ग्रीनिजचा त्रिफळा उडवणाऱ्या बलविंदरसिंग संधूचे नाव आहे, तसेच दिलीप वेंगसरकरांचेही आहे. भारतीय क्रिकेट मंडळाकडे बक्षीस देण्यापुरता पैसा नव्हता म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याच वेंगसरकरांच्या नावाची अकादमी पुढे महापालिकेच्या सहकार्याने थेरगावात उभी राहिली. तेथे घडलेला ऋतुराज गायकवाड आयपीएलच्या २०१९च्या हंगामासाठी २० लाखांना चेन्नईकडे गेला आणि २०२५च्या हंगामासाठी त्याची रक्कम १८ कोटी ठरली. तो फलंदाज आहे. परंतु त्या आकड्याने थेरगाव, सांगवी, रहाटणीच्या घराघरांत जी आशा पेटवली, ती चेंडू हाती घेतलेल्या मुलांच्या आईवडिलांनाही स्पर्शून गेली. म्हणूनच गोलंदाजाच्या मिळकतीचा खरा हिशेब मांडण्याची गरज आज विशेष आहे.

हा हिशेब समजण्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागते. तेथील बेसबॉल या खेळात पिचर म्हणजे चेंडू फेकणारा हा आपल्या गोलंदाजाचा सगोत्रच. सत्तरीच्या दशकापर्यंत तेथील खेळाडू संघाशी जन्मभर बांधलेला असे. करार संपला तरी मालकाला तो एका वर्षाने वाढवण्याचा अधिकार होता, आणि मालक सांगेल ती रक्कम मुकाट्याने घ्यावी लागे. १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेने मार्विन मिलर नावाच्या गृहस्थाला आपला कार्यवाह नेमले. हा मिलर खेळाडू नव्हता. पोलाद कामगारांच्या युनियनचा तो अर्थतज्ज्ञ होता. त्याने कारखान्यातील सामुदायिक वाटाघाटीची रीत मैदानावर आणली आणि दोनच वर्षांत किमान वार्षिक वेतन ६,००० डॉलरवरून १०,००० डॉलरवर नेले. पिंपरी-चाकणच्या ज्या वाचकाने युनियनच्या टेबलावर बसून वेतनकरार केला असेल, त्याला या घटनेचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे १९७५ साली दोन पिचरांनी, अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांनी, कराराविना हंगामास आरंभ केला आणि आपण आता मुक्त आहोत असा दावा लवादापुढे मांडला. यांतील मॅकनॅलीची गोष्ट मला फार मोलाची वाटते. बाल्टिमोरकडून लागोपाठ चार हंगाम वीस-वीस विजय मिळवलेला हा गृहस्थ हात थकल्यामुळे हंगामाच्या मध्यावरच खेळ सोडून आपल्या गावी निघून गेला होता. दावा मोडावा म्हणून त्याच्या मालकाने त्याला सव्वा लाख डॉलरांचा करार आणि नुसते सरावास येण्याबद्दल २५,००० डॉलर देऊ केले. पुन्हा चेंडू फेकण्याचा त्याचा मानस नव्हता, दाव्यातून त्याला एक छदामही मिळणार नव्हता. तरीही त्याने आपले नाव मागे घेतले नाही. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला. चारच वर्षांनी नोलन रायन या पिचरने ह्यूस्टन संघाशी वर्षाला दहा लाख डॉलर या दराने करार केला. एवढ्या रकमेपर्यंत तोवर तेथे कोणीच पोहोचलेले नव्हते.

परंतु रकमेपेक्षाही त्या करारांतील एक कलम अधिक विचारार्ह आहे, ते म्हणजे हमीचे. वॉशिंग्टन संघाच्या स्टीफन स्ट्रासबर्गने २०१९च्या डिसेंबरात सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलरांचा करार केला; तत्कालीन दराने सतराशे कोटी रुपयांहून अधिक. त्यानंतर खांद्याजवळच्या नसा दबण्याच्या विकाराने आणि शस्त्रक्रियांनी तो असा जायबंदी झाला की त्या कराराखाली त्याला अवघे आठ सामने खेळता आले, आणि २०२४ साली तो निवृत्त झाला. ठरलेली रक्कम मात्र त्याला मिळत राहिली. काही लोकांना हा अपव्यय वाटतो. माझे मत निराळे आहे. ज्या हाताने संघाला अजिंक्यपद मिळवून दिले तो हात संघाच्याच कामात निकामी झाला असेल, तर त्याची भरपाई संघाने करणे हा उपकार नसून न्याय आहे. यंत्रावर बोट गमावलेल्या कामगाराला नुकसानभरपाई देण्याचा कायदा आपण याच तत्त्वावर केला आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. श्रीरामपूरच्या झहीर खानचे उदाहरण महाराष्ट्राला जवळचे. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून तो मुंबईस आला, प्रशिक्षक सुधीर नाईक यांनी त्याला मफतलालमध्ये दरमहा ५,००० रुपयांची नोकरी मिळवून दिली, असे प्रसिद्ध आहे. म्हणजे बाळूच्या रेल्वेपासून चालत आलेल्या परंपरेतला हा जवळजवळ शेवटचा मोठा गोलंदाज. २००० साली तो भारताकडून खेळू लागला. २००५च्या अखेरीस मंडळाने त्याला करारातील ब श्रेणीतून क श्रेणीत उतरवले आणि संघातूनही वगळले. तेव्हा तो इंग्लंडात वूस्टरशायरकडे गेला, २००६च्या हंगामात त्याने ७८ बळी घेतले आणि त्या परक्या परगण्याच्या चाकरीतून आपले हरवलेले स्थान परत मिळवले. २००८च्या पहिल्या लिलावात बंगळूरने त्याला साडेचार लाख डॉलर दिले, म्हणजे सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये. २०११च्या जानेवारीत नऊ लाख डॉलर, म्हणजे चार कोटींहून अधिक. त्याच वर्षी विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. मंडळाच्या अ श्रेणीचा करार तेव्हा वर्षाला एक कोटीचा होता.

आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात, लॉर्ड्‌सच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी, मांडीचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला आणि कित्येक महिने परतला नाही. एकाच सालात मिळकतीचे शिखर आणि शरीराचा कडेलोट! फलंदाजाचे वय वाढले तर त्याच्या धावा हळूहळू कमी होतात. वेगवान गोलंदाजाचे शरीर मात्र बहुधा पूर्वसूचना न देता मोडते, कारण प्रत्येक चेंडूच्या वेळी शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पुढच्या पायावर, गुडघ्यावर आणि कमरेच्या मणक्यावर येतो. बेसबॉलच्या पिचरची कोपर जाते, क्रिकेटच्या गोलंदाजाची कंबर. झहीरला २०१४ साली मुंबईने २ कोटी ६० लाख आणि पुढल्या वर्षी दिल्लीने ४ कोटी दिले. ऑक्टोबर २०१५मध्ये ९२ कसोटींत ३११ बळी घेऊन तो आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्त झाला. पुण्यात त्याने खेळत असतानाच, २००५ साली, उपाहारगृहाचा व्यवसाय सुरू केला होता. म्हणजे निवृत्तीची बेगमी त्याने ऐन उमेदीत आरंभली, हे त्याच्या शहाणपणाचे द्योतक होय.

झहीर मात्र लाखांतला एक. अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे तो राज्याकडून खेळणाऱ्या, परंतु लिलावात ज्याच्या नावाची हातोडी पडत नाही अशा गोलंदाजाचा. २०२१ साली ठरलेल्या दरांनुसार रणजीच्या सामन्यात वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, एकवीस ते चाळीस खेळलेल्याला ५० हजार आणि त्याहून अनुभवी खेळाडूला ६० हजार रुपये मिळतात. साखळीतील सातही सामने खेळले आणि प्रत्येक सामना चार दिवसांचा धरला तर नवख्याच्या पदरात ११ लाख २० हजार पडतात. ही रक्कम लहान नाही. चाकणच्या कारखान्यातील कित्येक कायम कामगारांना वर्षाकाठी एवढे मिळत नाही. परंतु कायम कामगार तीस-पस्तीस वर्षे कमावतो आणि गोलंदाज आठ-दहा. शिवाय एका मोसमात पाठ दुखावली तर त्या मोसमाचा उताराच कोरा राहतो. करारातील बड्या खेळाडूंना मंडळ दुखापतीची भरपाई देते, राज्यस्तरावरील मुलाला तसा आधार क्वचितच मिळतो.

निवृत्तिवेतनाची व्यवस्थाही अशीच अर्धी. मंडळाने २००४पासून निवृत्तांना मासिक वेतन सुरू केले आणि २०२२च्या जूनमध्ये ते वाढवले. ज्या प्रथमश्रेणी खेळाडूंना १५ हजार मिळत त्यांना ३० हजार, २२,५०० मिळत त्यांना ४५ हजार, आणि कसोटीपटूंना ६० व ७० हजार मिळू लागले. तुलनेसाठी सांगतो, कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत वेतनाची मर्यादा १५ हजार धरली जाते, आणि तिच्या सूत्राने तीस वर्षे इमानेइतबारे काम केलेल्या कामगारालाही महिन्याला सात हजारांच्या वर मिळत नाही. तेव्हा जुन्या गोलंदाजाची पेन्शन समाधानकारक आहे, याबद्दल मंडळाचे अभिनंदनच केले पाहिजे. मात्र प्रथमश्रेणीच्या बाबतीत हे वेतन २००३-०४च्या मोसमापूर्वी निवृत्त झालेल्यांसाठी आहे. त्यानंतरच्यांना त्याऐवजी मंडळाच्या उत्पन्नातील २६ टक्क्यांचा वाटा लागू झाला, ज्यातील १३ टक्के आंतरराष्ट्रीय खेळाडूंना आणि १०.६ टक्के देशांतर्गत खेळाडूंना जातो. म्हणजे वाटा हाती आला, पण म्हातारपणची काठी गेली.

उत्पन्नात वाटा मागणे ही गोष्ट या पट्ट्याला नवी नाही. २०१३ साली बजाजच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी प्रत्येकी एका रुपयाने कंपनीचे ५०० समभाग मिळावेत अशी मागणी केली आणि सुमारे पन्नास दिवस संप चालवला. मागणी मान्य झाली नाही. हरले तरी त्यांना मागण्यासाठी संघटना होती. खेळत्या भारतीय गोलंदाजाला तीही नाही. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ साली जी भारतीय क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली ती निवृत्तांची आहे. म्हणजे मिळकत संपल्यावर तक्रारीचा हक्क मिळतो, मिळकत ठरत असताना नाही. माझ्या मते भारतीय गोलंदाजाच्या अर्थकारणातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि लिलावाच्या झगमगाटात तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. मिलरसारखा एखादा माणूस, ज्याने पिंपरीच्या कारखान्यांत करारांची कलमे घासून-पुसून लिहिली आहेत, खेळाडूंच्या बाजूने टेबलाशी बसला, तर तो पहिल्या दिवशी रक्कम मागणार नाही. दुखापतीच्या काळातील वेतन आणि निवृत्तीनंतरचा फंड मागेल.

तोवर काय करावे? पालकांनी मुलाला चेंडू टाकू द्यावा, परंतु त्याच्या हाती एखादी पदविका किंवा कसब असल्याखेरीज शिक्षण सोडवू नये, आणि मिळालेल्या पहिल्या मानधनातून दुखापतीचा विमा उतरवावा. आणि ज्या कारखान्यांच्या संघांनी एके काळी गोलंदाजांना जन्मभराचा आधार दिला त्यांच्या वारसदारांना, पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या व्यवस्थापनांना, माझी विनंती आहे: राज्याकडून पाच हंगाम खेळलेल्या एखाद्या गोलंदाजासाठी दर वर्षी एक कायम जागा राखून ठेवावी. गहुंजेचे मैदान आपल्या कारखान्यांपासून तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे राज्याची टोपी घालून धावत येणाऱ्या मुलाला निदान इतके ठाऊक असावे की कंबर मोडली तरी सोमवारी हजेरीपटावर आपले नाव असेल.